अब्सलोनच्या वह्या

चिनान्देगात सकाळी सहालाच ऊन मानगुटीवर बसतं.
ज्वालामुखीने रात्री खोकलेली राख
माउंडवरून झाडून काढतो अब्सलोन तेर्सेरो,
मग खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून
वह्या काढतो. शाळेच्या, रेघी, स्वस्तातल्या.
एकेका खांद्याची एकेक.

मी कॅचर. माझं नाव कुठल्याच वहीत नाही.
पण कुणाचा चेंडू आला
हे माझा डावा तळवा झोपेतही सांगेल.

यादेरचा चेंडू थोबाडीत मारल्यासारखा. सरळ, गरम.
त्याला आठवड्यातून दोनदाच फेकू देतात.
बाकीचे दिवस हातात ओला टॉवेल,
नुसता हवेला झटकायचा.
"तुझी घाई कोपरात साठते रे,
तिला आधी टाचेत उतरव."

विल्मोर ताडासारखा उंच,
आपले पाय कुठे संपतात हे त्याला लोकांकडून कळायचं.
पहिला महिना चेंडूच नाही.
उसाच्या बांधावरून अनवाणी चाल, म्हणे, एका रेषेत,
जा आणि ये.
पोरं हसली. विल्मोरही हसला, चालता चालता.
महिना संपल्यावर त्याचा पहिलाच कर्व्ह
माझ्या गुडघ्यापाशी येऊन असा मोडला
की मिट एकीकडे आणि चेंडू थेट नडगीवर.
ते निळं टेंगूळ मी आठवडाभर
गावात दाखवत हिंडलो.

ओस्नीच्या मधल्या बोटाचं टोक
लहानपणी सायकलच्या चेनने खाल्लं.
दोन ठिकाणांहून त्याला परत पाठवलेलं.
अब्सलोनने ते बोट उजेडात धरून बराच वेळ पाहिलं,
सोनार झिजलेलं नाणं पाहतो तसं.
"पाची बोटं सारखी नसतात.
तुझी तर जास्तच नाहीत. बरं झालं.
शिवणीच्या आतून धर."
आता ओस्नीचा चेंडू
अर्ध्या वाटेत विचार बदलतो.

मानागुआहून एक तरुण आला होता, कॅमेरे घेऊन.
चेंडू सेकंदात किती फिरतो, खांदा किती अंश मागे जातो,
सगळं मोजून गेला.
आम्हाला वाटलं म्हातारा भडकेल.
त्याने चष्मा पुसला आणि सगळे आकडे
ज्याच्या त्याच्या वहीत उतरवून घेतले.
यादेरच्या पानावर मात्र त्या आकड्यांखाली आधीपासूनच होतं:
'मंगळवारी हात जड. आईची रात्रपाळी,
धाकट्याला हाच निजवतो.'

पिशवीत तळाशी आणखी एक वही आहे.
पुठ्ठा सुटलेला, दोरा बांधलेला.

तेव्हा अब्सलोनकडे वह्या नव्हत्या. भिंतीवर एक तक्ता होता.
सगळ्यांना शंभर चेंडू. सगळ्यांना रोज.
ताप असो, लग्न असो.
आम्ही त्याला शिस्त म्हणायचो, मीही म्हणायचो.
अकरा पोरं होती. दहा टिकली.
दहा टिकली म्हणजे तक्ता बरोबर,
असा हिशोब होता तो.
अकरावा एर्लिंग, सतरा वर्षांचा.
एका गुरुवारी त्याने हात फिरवला
आणि चेंडूच्या आधी आवाज आला.
मिट घेऊन मीच बसलो होतो.
चेंडू माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

एर्लिंग आता तीनचाकी चालवतो.
रविवारी येतो, कुंपणाच्या भिंतीवर बसतो,
पोरांना वाटेल ते सल्ले देतो, तेही डाव्या हाताने हातवारे करून.
अब्सलोन त्याला हाताबद्दल काही विचारत नाही.
उसाचा भाव विचारतो. पेट्रोलचा विचारतो.
तो गेला की मात्र
दोरा सोडतो, पेन्सिलीला थुंकी लावतो.

मागच्या रविवारी मी खांद्यावरून डोकावलो.
पान जवळजवळ भरलेलं.
शेवटची ओळ:
'उजव्या हाताने पोरीला कडेवर घेतलं.
भिंतीपासून गेटपर्यंत. मध्ये हात बदलला नाही.'
आणि त्याच्यापुढे पावलांचा आकडा,
एकदा खोडून पुन्हा लिहिलेला:
एकेचाळीस.