चेहरे

राळेसाठी पाइनच्या खोडावर घेतलेल्या खाचेला
आमच्या ओहो फ्रियोत चेहरा म्हणतात.
एका झाडाला एक चेहरा. थोराड असेल तर दोन.
तीन घेणाऱ्या घरात कुणी मुलगी देत नसे.

दर आठवड्याला बोटभर वर सरकते खाच,
खाली टांगलेला मातीचा डबा.
माणसाच्या उंचीला आली की झाडाला सुट्टी.
मग दोन्ही कडांनी साल हळूहळू जवळ येते,
वीस वर्षांनी उरते नुसती शिवण.

हे सगळं बाबांना माहीत होतं, नकाशाला नव्हतं.
नकाशा आला तेव्हा आमचा झरा, अळंब्यांची घळ,
बाबांचे चारशे बारा चेहरे
एकाच हिरव्या रंगाखाली गेले.
साहेब भले होते. बिस्किटं आणली होती.
जंगल म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला
पडद्यावर दाखवलं.
बाबांनी टोपी काढून ऐकलं, मग म्हणाले,
झाड मेलं तर माझा डबा कोरडा, साहेब,
मी कशाला मारीन?
साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

मार्चमध्ये बाबांची राळखुरपी जप्त झाली.
पावतीवर लिहिलंय: एक हत्यार, लोखंडी, वाकडं.
सही करणारा वनरक्षक त्रान्सितोचा धाकटा,
मान वर न करता सही केली त्याने.
त्याच रात्री ट्रक गेले, दिवे विझवून.
सकाळी नऊ बुंधे.
चेहरे ओंडक्यांबरोबर गेलेले,
एक डबा मात्र शाबूत, त्यात एक माशी
अजून पाय हलवत होती.

एर्मेलिंदामावशीने देवळाच्या फाटकाची साखळी काढली
आणि रस्त्यावर आडवी बांधली.
अकरा बायका, एक चूल, घेवड्याचं पातेलं.
तिसऱ्या रात्री ट्रक आला.
चालवणारा तिच्याच बहिणीचा मुलगा, एलादियो.
कुणी काही बोललं नाही.
मावशीने त्याला कॉफी दिली, साखर जास्त, त्याला लागते तशी.
त्याने कप पालथा घातला
आणि दोन किलोमीटर उलटा ट्रक नेला
त्या वळणांवरून, अंधारात.
(पलीकडच्या उतारावरून दुसरा रस्ता आहे.
तो आम्हालाही माहीत आहे, त्यालाही.)

आता तालुक्याला खटला चालू आहे.
वकीलबाई शहरातून आल्या, बूट चिखलात रुतले.
तुम्ही इथे आधीपासून आहात याचा पुरावा?
कागद उंदरांनी खाल्लेत, बाबा म्हणाले,
आणि त्यांना वर घेऊन गेले,
आजोबांच्या वेळच्या एका झाडापाशी.
शिवण दाखवली. हात लावून बघा, म्हणाले.

त्यांनी बोट ठेवलं.
शिवणीच्या टोकाला अजून ओल होती.

संध्याकाळी आमच्या टेबलावर
त्या फाईल चाळत बसल्या,
थुंकी न लावता पान उलटत होतं,
आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात
एक पिवळट ठसा राहत होता.
बाईंनी आधी रुमालाने पुसून पाहिलं.
मग सोडून दिलं.