पंक्तिप्रपंच

सुनावणी वाचनालयाच्या तळघरात. माणशी तीन मिनिटं.
बाहेर ऑक्टोबर, मेन राज्याचं पार उत्तरेचं टोक,
बटाट्याची काढणी आटोपलेली,
पण माती अजून सगळ्यांच्या बुटांना.
मी शेवटच्या रांगेत,
कंपनीचं नाव आत जाईल अशी
जाकिटाची घडी मांडीवर.

आधी बोस्टनचा वकील बोलला.
रस्ता आम्ही बांधला, म्हणाला,
घाईच्या गाड्यांना एक निराळी मार्गिका दिली
तर कुणाच्या पोटात का दुखावं?
नियमांची जोखडं घालाल
तर ओढ्यापलीकडच्या घरापर्यंत
तार न्यायची कुणी, आणि कशाला?
हे अगदीच खोटं नव्हतं.
ओढ्यापलीकडे मीच जातो. एका घरासाठी बावीस खांब.

मग शाळेतली एक मुलगी,
पिझ्झाच्या दुकानाबाहेर गाडीत बसून गृहपाठ करणारी.
मग कुणीतरी संविधान काढलं, कुणीतरी जांभई दिली.

मग ओडील पेल्तिये उठली.
वय शहाऐंशी. माइक तिच्या कपाळाच्या उंचीवर,
तो खाली घेईपर्यंत अर्धं मिनिट गेलं
आणि तेही घड्याळानं मोजलं.

"मला इंटरनेट कळत नाही," ती म्हणाली, "मला फळी कळते.
बासष्टपासून बारा वर्षं
या गावाची टेलिफोनची फळी माझ्यापुढे होती.
दिवा लागला की दोरी खुपसायची,
कोण हवंय ते विचारायचं,
कशाला हवंय ते नाही.
नियम लिहिलेला नव्हता कुठे. पण होता.

सदुसष्टचा मार्च. वादळात तारा तुटलेल्या,
गावाबाहेर जाणारी एकच लाइन जिवंत,
आणि दोन दिवे लागले. आधी रेनो मिशोचा,
मग स्टार्चच्या कारखान्याच्या मालकाचा.
मालक दर नाताळला आमच्याकडे हॅम पाठवायचा.
मी त्याला आधी जोडलं.
नऊ मिनिटं तो पिठाचा भाव करत होता.
रेनोला डॉक्टर हवा होता. पोराला ताप.

पोर वाचलं. घाबरू नका, ते इथेच बसलंय.
एक कान गेला त्याचा.
नऊ मिनिटांमुळे गेला, की तसाही जाणारच होता,
डॉक्टरला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

मला कुणी हुकूम केला नव्हता.
दोरी माझ्या हातात होती, एवढंच.
आपल्या चर्चच्या जेवणात बघा,
वाढणारीचा डाव ओळखीच्या ताटासाठी
आपोआप पातेल्याच्या तळाशी जातो.
आणि रेनोला शेवटपर्यंत वाटत राहिलं, बर्फामुळे.
ज्याला ताटकळत ठेवतात ना,
त्याला नेहमी बर्फामुळेच वाटतं."

लाल दिवा लागला. तिनं तो पाहिला
आणि तिचा हात, मी शपथेवर सांगतो,
दोरी शोधायला किंचित उचलला गेला.

चौथ्या रांगेत आर्मां मिशो,
साठीला टेकलेला, मान तिरकी करून
उजवा कान पुढे धरून बसलेला.
त्याला किती ऐकू गेलं, कळलं नाही.
वकील कागदावर काहीतरी लिहीत होता.
पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी लवकर निघालो. रात्रपाळी होती.
माझ्याकडे फळी नाही, पडदा आहे,
त्यावर तीन रकाने
आणि कुणाला कुठल्या रकान्यात टाकायचं
याची वरून आलेली यादी.
टाकायला एक बोट पुरतं.

दहा वाजता फोन आला, ओढ्यापलीकडून.
बाईचा आवाज, दमलेला:
दवाखान्याचं पान उघडत नाहीये, तास झाला.
मी तिचा रकाना पाहिला.
खिडकीबाहेर आभाळ निरभ्र, चांदणं पडलेलं.
"हवामानामुळे असेल, बाई," असं म्हणायला
माझं तोंड उघडलं होतं.