अंगठी

कुताईसी. जानेवारी. रात्रीचे तीन.
खाली रिओनी नदी दगडांवर दात खात होती
आणि वॉर्डातले पाच पंप हिरवे दिवे लावून
सगळं ठीक आहे, म्हणत होते.

मी नवी. वहीत सगळं होतं :
शीर सुजली तर लाल रेघ, हाताला गरम.
औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी ताठ, फिकट, गार.
भरभर गेलं तर मान लाल, खाज.
पाणी जास्त झालं तर आडवं होऊ न देणारा खोकला.
पाढ्यांसारखं पाठ.

चार नंबरला वार्लाम,
वेलींच्या काठ्या बांधून बोटं गाठाळलेला म्हातारा.
रोज कुरकुरायचा : रस्सा अळणी, खिडकीला फट,
डॉक्टरला अजून मिसरूड फुटायचंय.
कुरकुरताना अंगठ्यानं
उजव्या हातातली लग्नाची अंगठी फिरवत राहायचा.

त्या रात्री विचारलं, दुखतंय का?
"नाही."
मी लिहिलं : तक्रार नाही.

त्सियाला चहाचा पेला घेऊन दारावरून चालली होती.
थांबली.
"हा गप्प का?"

पंपाकडे तिनं पाहिलंच नाही.
पांघरूण सारलं, अंगठी फिरवून पाहिली.
फिरेना. मांसात रुतलेली.
माझा हात धरून पालथा
त्याच्या मनगटावर टेकवला :
रात्रभर बाहेर राहिलेल्या भांड्यासारखं गार.
मग त्याच्या दुसऱ्या हातावर. ऊब.
"दोन्ही बघायचे. एकटा हात काय सांगणार,
काल कसा होता ते?"

पंप ढकलतच होता.
शीर आणि मांस यातला फरक
त्याला कुणी शिकवला नव्हता.

तिनं तो थांबवला. सुई तशीच ठेवली,
हात उशीवर उंच, मला डॉक्टरकडे पिटाळलं.
परतले तेव्हा साबण आणि दोरा घेऊन
ती अंगठी सोडवत होती, इंच इंच,
आणि तो छताकडे बघत होता.

"बोलला का नाहीस, बाबा?"
"पोरीचा पहिला आठवडा," तो म्हणाला.
"तिला ओरडला असतात."

मी 'तक्रार नाही' वर काट मारली.
वेळ लिहिली. सुजेच्या कडेनं
पेनाची रेघ ओढली, नकाशावर बेटाची ओढतात तशी.
हात हलत होता, रेघ वाकडी आली.

सातला सूज रेघेच्या आत सरकली होती,
बोटभर, जास्त नाही.
अंगठी औषधाच्या रिकाम्या कपात.
आणि त्याचा अंगठा
उघड्या बोटावर
गोल गोल.