रकाना

तुळशीराम बेंडकोळीने पेढ्यांच्या खोक्यात आणला तो.
अंजनेरीला घरामागचा दगड हलवताना सापडला म्हणे.
"मॅडम, विंचू आहे. पण नांगी तोडलीये कुणीतरी."

तोडली नव्हती. मुळात नव्हतीच.
शेपटीच्या जागी दोरा,
सुईत ओवायला ओठांनी ओला केलेला असतो तसा.
चिमटा लागला आणि प्रयोगशाळाभर
आंबट वास, उतरलेल्या द्राक्षांचा.
"ओझरला शेडमागं असाच येतो," तो म्हणाला,
आणि खिडकी उघडली.

मी रजिस्टर ओढलं.
संघ : संधिपाद.
वर्ग : अष्टपाद. पाय मोजले, आठ.
पण चालतो सहांवरच. पुढचे दोन
वीज गेल्यावर आपण काडेपेटी शोधतो
तसे समोरची हवा चाचपत होते.

गण.
इथे जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक भांडतात.
जुन्यात हा आणि त्याचा बिनशेपटीचा चुलता
एकाच चुलीवर;
नव्यात वाटण्या झालेल्या.
आणि विंचू तर लांबचा, फक्त आडनावापुरता.
पोटातल्या पुस्तकफुप्फुसांच्या जोड्या दोनच,
म्हणजे पंगत कोळ्यांची.

"कोळी?" तुळशीराम मोठ्यानं हसला.
"मग आमच्यातलाच की, मॅडम.
ह्याला पण पन्नासच्या आधीचा कागद मागतील."
त्याच्या मुलाची फाईल
जातपडताळणीच्या कचेरीत दुसऱ्या पावसाळ्यात होती.
माझ्या खापरपणजोबांची सही
रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वहीत आहे,
मोडीत, ठसठशीत.
हे मी त्याला सांगितलं नाही.

कुल लिहिलं. पुढचा रकाना : जाती.
भिंगाखाली धरायला उलटा केला
तर उलटी.
पोटाशी पिशवी, पारदर्शक, आत पिवळट अंडी,
ती दोन्ही चिमट्यांआड धरून
आमच्याकडे बघणारे आठ डोळे,
दोन पुढे, तीन तीन बाजूंना.
पिल्लं निघतील, पाठीवर चढतील,
पहिली कात टाकेपर्यंत उतरणार नाहीत.

अल्कोहोलची बाटली उघडीच होती.
तुळशीरामने न विचारता तिचं बूच लावलं.

संध्याकाळच्या त्र्यंबकच्या गाडीनं खोकं परत गेलं,
झाकणाला पेनाच्या टोकाने पाडलेली भोकं.
"दगड होता तसाच ठेव," मी म्हटलं.
"होता तसा कसा आठवणार," तो म्हणाला,
"जमेल तेवढा."

रजिस्टरात त्या ओळीला जाती नाही.
तपासणीला आलेल्या बाईंनी
पेन्सिलीने तिथे एक प्रश्नचिन्ह काढलंय.
पानाला अजून वास येतो.