शेरा

फॉर्म रात्री बारा वाजता बंद होणार आहे.
आत्ता दहा चाळीस,
आणि स्नेहनगरच्या ह्या खोलीत पंखा
माझ्याआधी लॉगबुकची पानं चाळतो आहे.

नाव : शर्वाणी त्र्यंबक उज्जैनकर.
जन्म इंदूर. चष्मा नाही.
एकूण उड्डाण : सातशे अठरा तास, पाच मिनिटं.
त्यांतले पहिले दोनशे बँकेचे,
पाच तारखेला हप्ता अजून कापला जातो.
उरलेले इकडून तिकडून गोळा केलेले,
आई भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेते तसे,
मोजून, पुन्हा मोजून.

दोन इंजिनांच्या मोठ्या विमानावर किती तास?
कंपनी छोटीच, सत्तर आसनांची,
जबलपूर, रायपूर, बिलासपूर,
पण विचारते मोठ्या घरच्या सासूसारखं.
मी शून्य लिहिते.

कारण माझे तास म्हणजे
भंवरकुआवर कोचिंग क्लासचा फलक शेपटीला बांधून अकरा चकरा.
‘यशाची’ वाऱ्यानं दुमडलं,
खालच्यांना दिसली नुसतीच ‘हमी’.
मालक म्हणाला, मॅडम, आधे पैसे.
विजेच्या तारांवरून कॅमेरा घेऊन सरळ जाणं,
इतकं सरळ, की जांभई यावी.
कुणाचं तरी दुरुस्त झालेलं विमान
ग्वाल्हेरहून एकटीनं घेऊन येणं, मांडीवर पराठा.
आणि शिकाऊ मुलांबरोबर
हजारदा धावपट्टीवर आदळून
हजारदा ‘छान’ म्हणणं.

अठ्ठावीस फेब्रुवारी. एक तास, सात मिनिटं.
बुऱ्हाणपूरकर काका, घड्याळं दुरुस्त करतात.
फोनवर म्हणाले होते, दोघं येऊ.
आले एकटे. हातात तांब्या, तोंडाला लाल फडकं.
“उद्या खेडीघाटला जायचंच आहे गाडीनं.
पण हिला एकदा बसायचं होतं.
मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या दिवाळीत.”

मला काय बोलावं सुचेना,
म्हणून मी नियम पाळला. तांब्या काट्यावर ठेवला.
किती, त्यांनी विचारलं.
दोन किलो शंभर.
“बारीक झाली,” म्हणाले.

मागच्या सीटवर ठेवून पट्टा आवळला.
टॉवरनं विचारलं, विमानात किती जण?
दोन, मी म्हणाले.
काका खिडकीबाहेर बघू लागले.
बिजासनची टेकडी खाली गेली,
सिरपूरचा तलाव आरशासारखा एकदा चमकून विझला,
आणि ते मान वळवून मागं सांगत राहिले,
तो बघ तलाव. ते बघ, आपल्या मावशीचं घर त्याच बाजूला.
मी हेडफोनचा आवाज कमी केला.
वळणं मोठी घेतली, सावकाश,
पाणी सांडू नये अशी.

उतरल्यावर पैसे मोजून दिले,
आणि माझं मनगट धरून म्हणाले,
चार मिनिटं मागं आहे. काढा.
तिथंच, पंखाच्या सावलीत, खिशातल्या बारक्या चिमट्यानं
काहीतरी केलं.
तेव्हापासून ते बरोबर चालतं.

त्यात आता अकरा सव्वीस.
फाइल मोठी आहे, फॉर्म म्हणतो.
पानाच्या कडा कापाव्या लागतील.
तारीख हवी, तास हवेत, विमानाचा नंबर हवा.
जातो तो उजवीकडचा अरुंद रकाना, शेऱ्याचा.
त्यात त्या दिवशी मी लिहिलं होतं, प्रवासी एक.
मग एका रेघेनं खोडून, दोन.
खाडाखोडीला लागते ती छोटी सही शेजारी.

कापलं. चढलं. हिरवी खूण आली.

लॉगबुक मिटवून उशाशी ठेवते.
सकाळी सव्वासहाला चौबळांचा मुलगा येईल,
तो दांडा फार घट्ट धरतो.
त्याच्याआधी पोचून
टाकीत पाणी उतरलंय का, बघायला हवं.