आतला लाइट

वणीहून शेवटची गाडी पावणेनऊला सुटते.
समोरून कोळशाचे ट्रक येतात, डोळ्यांत फुल लाइट मारतात.
त्यांना मी काही म्हणत नाही.
तो उजेड येतो, शिवी खातो, मागे निघून जातो.

आतला लाइट जात नाही.
तो पाठीमागून येतो
आणि माझ्यासमोर जाऊन बसतो.

कायर सुटलं की काचेचा आरसा होतो.
पळसाला टेकून कोणी झोपलेलं दिसतं,
पुलाच्या कठड्यावर एक लेकरू दूध पितं,
‘स्त्रियांसाठी राखीव’ ही अक्षरं
उलटी होऊन नाल्यावर तरंगतात.
एकदा तर एक रोही
म्हातारीच्या कपाळातून निघाला
आणि तिच्या कानाजवळून रस्ता ओलांडून गेला.
ती घोरत होती.

“बाई, आतला इझवा जी.”
“मंग हिशेब कशाचा करू, पिदूरकरभाऊ? अंधाराचा?”

नैतामबाईंचंही खोटं नाही.
मशीनवरचे आकडे उजळतात, नोटा उजळत नाहीत.
टेप लावलेली वीसची कोणती, दहाची कोणती,
आणि कमी पडले तर ते बाईंच्याच पगारातून.

डेपोत दोनदा लिहून दिलं.
मेकॅनिकनं पुढच्या ट्यूबला निळा रंग फासला,
तर रस्त्यावर निळी माणसं बसायला लागली.
सीटमागे मी माझी चादर टांगली.
तपासनीस म्हणाला, गाडी आहे की न्हाणी? काढ.

मग तो गुरुवार.
अडेगाव फाट्याच्या अलीकडे
रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा.
पांढरा दुपट्टा, एक हात वर.
मी ब्रेकवर अख्खा पाय घातला.

गाडी थांबली तेव्हा तो माझ्यामागे पडलेला होता,
वरची दांडी सुटून, गुडघ्यावर.
भिवसन आत्राम. फाट्यावर उतरायचं म्हणून आधीच उठलेला.
“काऊन रे बाप्पा, कोन आडवं आलं?”
“तुमीच,” मी म्हणालो.

कोणी हसलं नाही.
बाईंच्या पिशवीतली चिल्लर
सीटखाली, शेंगांच्या टरफलांत, पार मागच्या टायरच्या फुगवट्यापर्यंत.
उभ्या गाडीत सगळे लाइट लावून
सगळ्यांनी ती वेचली.
आत्रामबाबांनीही. गुडघ्याला रक्त,
आणि तळहातावर एक पाचचं नाणं, बाईंपुढे धरलेलं.

फाट्यावर त्यांना उतरवलं
आणि बाईंनी उठून स्वतः बटण दाबलं.

रस्ता परत आला.
काही खास नव्हता. खड्डे, खडी, कडेला पसरलेली तुराटी.
पण माझा होता, आणि त्यावर कोणी बसलेलं नव्हतं.
मागे बाई नखानं नाण्यांच्या कडा चाचपत होत्या.
सत्तावीस. अठ्ठावीस. थांब, हे दोनचं.
कोणीतरी पदराआड मोबाइल धरला,
तेवढा लालसर उजेड काचेत आला, विडीएवढा.
त्याला मी राहू दिलं.

मुकुटबनला मुक्काम.
बाई खोलीवर गेल्या. मी गाडीतच झोपतो.
अंथरूण घालायला लाइट लावला
तर काचेत, बंद दुकानाच्या शटरवर,
रिकाम्या सीटांच्या मधोमध
एक माणूस चादर झटकत उभा.

गाडी बंद होती. किल्ली खिशात होती.
तरी उजवा पाय
खाली काहीतरी शोधत होता.