पाच किलोपर्यंत

एप्रिलात माझे हात रिकामे नसतात.
इंदोऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत
कूलर खाली उतरवा, वर्षभराचा खार खरवडा,
वाळ्याच्या ताट्या बदला,
टुल्लू पंपाच्या पोटातला चिखल काढा.
यंदा पंप सुरू झाला तरी मी लगेच निघत नाही.
कान लावून उभा राहतो.
लोक विचारतात, काहून भाऊ, काही बिघाड आहे का?

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं होतं:
लाल इकडून, निळं तिकडून,
आणि मधल्या भिंतीतून एक धार,
जिथं धार नसायला पाहिजे तिथून.
सुचिता म्हणाली, मी ग्रहणात बाहेर निघाली होती.
बाई म्हणाल्या, त्यानं नाही होत.
सुचिता म्हणाली, पपई खाल्ली होती एकदा.
बाई म्हणाल्या, त्यानंही नाही.
तिसऱ्यांदा सुचिता काही बोललीच नाही,
तेव्हा बाई खुर्ची सोडून जवळ आल्या
आणि म्हणाल्या, नाही.

घरी मी आमचाच कूलर उघडला.
हा पंप, हा पाइप.
पाइपला इथं भोक असलं
की अर्धं पाणी ताटीवर चढतच नाही,
मधूनच परत टाकीत.
मोटर बंद नाही पडत. मोटर दुप्पट धावते.
म्हणून दूध पिताना तिच्या कपाळावर घाम,
म्हणून चार घोट घेतले की दम.
समजावता समजावता मलाही समजलं
आणि जरा बरं वाटलं.
मग तिनं विचारलं,
भोक बुजवतोस कसा?
मी म्हणालो, पंप बंद करून.

त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

ऑपरेशन पाच किलो झाल्यावर. तोवर
पाणी उतरवायचं औषध,
सिरिंजवर बाईंनी पेनानं मारलेल्या रेघेपर्यंत, एक थेंब इकडे नाही.
दूध दोन-दोन तासांनी, थोडं थोडं,
थकली की वाटी-चमच्यानं.
सर्दीवाल्या पाहुण्यांना दारातूनच जयभीम.
लशी एकही चुकवायची नाही.
आणि झोपेत श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट.
साठच्या वर गेले, ओठ निळे दिसले, दूधच सोडलं,
तर कुणाला विचारत बसायचं नाही,
ऑटो पकडायचा.

मी रात्री दोनला उठतो.
मोजण्यापुरता कूलर बंद करतो,
त्याच्या घरघरीत तिचं ऐकू येत नाही.
भिंती तापलेल्या असतात अजून.
मोबाइलच्या उजेडात बरगड्यांखालचा खळगा
आत, बाहेर.
चौपन्न.
पुन्हा मोजतो.
छप्पन्न.
कूलर सुरू करतो.

दवाखान्याची तारीख महिन्यानं,
म्हणून रविवारी तिला इसराईलभाईच्या भंगारात नेतो.
जळालेल्या वाइंडिंगचं तांबं मी तिथंच विकतो,
त्याचा काटा पाच ग्रॅमचाही हिशेब ठेवतो.
तो आधी पारडं पुसतो,
मग डोक्याचा दुपट्टा सोडतो, त्याची चार पदरी घडी घालतो,
तिच्याआधी दुपट्ट्याचंच वजन करून काटा शून्यावर आणतो.
दुकानातली पोरं पत्रे आपटायचं थांबवतात.

तीन किलो चारशे दहा.
गेल्या रविवारी तीन सत्तर होतं, तीनशे सत्तर.
चाळीस ग्रॅम.
एवढ्या तांब्याचे पैसेसुद्धा मी कधी मोजले नाहीत.

भिंतीवर पितळ, तांबं, ॲल्युमिनियमचे भाव खडूनं लिहिलेले.
त्याखाली तो आकडा लिहायला लागला
आणि थांबला. नाव काय लिहू?

फाइलवर ती अजून "बेबी ऑफ सुचिता" आहे.
आत्या म्हणाली होती, इतक्यात नाव नको ठेवू बाप्पा,
जीव गुंततो.
सुचितानं ठरवलेलं नाव मला माहीत होतं,
तोंडातून काढलं नव्हतं कधी.

निरंजना, मी म्हणालो.
त्यानं "नि" ऱ्हस्व काढला की दीर्घ, पाहिलं नाही.
ती जागी झाली होती
आणि दुपट्ट्याचं टोक
चोखत होती, दमत होती, थांबत होती,
परत चोखत होती.